पवनेचा काठ

आज आम्ही पिंपळे सौदागरच्या बायका आपल्या पवनामाईविषयी बोलणार आहोत. आपल्यातल्या पुष्कळजणी इथं फ्लॅट घेऊन आल्या. त्यांनी नदी पाहिली ती पुलावरून, नाकाला रुमाल लावून. आमच्यातल्या वयस्कर बायकांनी मात्र ती गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिली आहे.

तेव्हा नदीचा काठ म्हणजे बायकांची हक्काची जागा. सकाळी धुणं, ऋषिपंचमीची अंघोळ, गौरी आणायच्या त्या पाणवठ्यावरून. घरात जे बोलता येत नसे, ते धुणं आपटता आपटता मैत्रिणीला सांगता येई. काठाला ज्वारी आणि भाजीचे मळे होते. पावसाळ्यात पाणी मळ्यात शिरायचं, गाळ ठेवून परत जायचं. त्याचं कुणाला नवल नव्हतं.

लोणावळ्याच्या दक्षिणेला डोंगरात उगम पावणारी ही नदी मावळ ओलांडून चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपाशी येते. पुढे आपल्या गावाच्या कडेनं जाऊन दापोडीला मुळेला मिळते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मागोमाग औद्योगिक वसाहत आली. १९७२ च्या सुमारास पवना धरण झालं, ११ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका झाली. तरी आमच्या पिंपळ्यात बैलजोड्या होत्या. खरा बदल झाला तो हिंजवडीत आयटी पार्क आल्यावर. वीस-पंचवीस वर्षांत मळ्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. त्यातून आमच्या घरांत पैसा आला, मुली शिकल्या, नोकरीला लागल्या. हे आम्ही नाकारत नाही.

पण नदीचं काय झालं? धरणाचं पाणी नदीतून रावेतपर्यंत येतं. तिथल्या बंधाऱ्यावर ते शहरासाठी उचललं जातं आणि शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं. रावेतच्या खाली उन्हाळ्यात नदीत उरतं ते बरंचसं नाल्यांचं पाणी. त्या मैल्यावरच जलपर्णी पोसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तीत पवना आहे. म्हणजे आपण नदीचं चांगलं पाणी घेतो आणि तिला सांडपाणी परत देतो.

दुसरी गोष्ट जागेची. नदीची रुंदी मे महिन्यात मोजायची नसते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी पूररेषा, १०० वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. आमच्या सासवांना ही नावं ठाऊक नव्हती, पण घर कुठवर बांधायचं ते ठाऊक होतं. आता काठावर भराव पडतो आणि पाणी वस्तीत शिरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगवी-दापोडीकडच्या नदीकाठच्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. मे २०२५ मध्ये चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशानं पाडले गेले. आयुष्यभराची पुंजी तासाभरात मातीत गेली. नदीची जागा विकणारा निघून गेला, रडल्या त्या घरातल्या बायका.

त्याच वर्षी शेजारच्या पिंपळे निलखला मुळेकाठी नदी सुधारणेचं काम सुरू झालं आणि काठची जुनी झाडं वाचवायला लोक उभे राहिले. नदी सुधारावी असं आम्हालाही वाटतं. पण सुधारणा नाल्यांपासून सुरू व्हावी. फरशी आणि रेलिंग नंतर. काठची माती, वाळुंज, करंज राहिले तर पुराचं पाणी मुरेल आणि पक्षीही येतील.

मैत्रिणींनो, दोन गोष्टी करू या. घर घेताना किचन किती मोठं हे विचारतो, तसं पूररेषा कुठं आहे हेही विचारू आणि महापालिकेत जाऊन नकाशा बघू. आणि येत्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन घाटावर येऊ. वास येईल, तरी येऊ. ज्या काठावर कुणी जात नाही, तिथं भराव टाकणाऱ्याला कोण अडवणार?