यंत्राचा दोष, खेळाचा गुण

राजे, लढाया आणि तह यांची नोंद इतिहासकार आस्थेने ठेवितात. लोकांच्या करमणुकीकडे त्यांचे सहसा लक्ष जात नाही. तथापि एखादा खेळही मानवी कल्पकतेविषयी पुष्कळ काही सांगून जातो. १९७८ साली जपानातील टायटो कंपनीने बाजारात आणलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा नाणे टाकून पडद्यावर खेळावयाचा खेळ अशांपैकीच होय.

त्याची रचना अगदी साधी आहे. पाच रांगांत प्रत्येकी अकरा, असे पंचावन्न शत्रू आडवे सरकत पायरीपायरीने खाली उतरतात; खाली चार आडोशांच्या आश्रयाने खेळणाराची एकटी तोफ उभी असते. खेळाचे कर्ते टोमोहिरो निशिकादो यांनी सुमारे वर्षभर खपून आखणी तर केलीच, परंतु त्यासाठी लागणारी यंत्रसामग्रीही स्वतःच सिद्ध केली. माणसांवर गोळ्या झाडविणे नीतीस धरून नव्हे, म्हणून शत्रू परग्रहावरचे ठरले; त्यांचे अष्टपाद रूप एच. जी. वेल्स यांच्या १८९८ च्या कादंबरीतील मंगळवासीयांवरून सुचले.

खरी मौज पुढेच आहे. त्या काळच्या गणकयंत्रास इतक्या आकृत्या एकदम हलविणे जड जाई. त्यामुळे आरंभी शत्रू रेंगाळत चालत. मात्र एकेक शत्रू पडे तसतसा यंत्रावरील भार हलका होई आणि उरलेले अधिकाधिक वेगाने धावत. शेवटचा एकटा शत्रू तर बाणासारखा सुटे! पावलांसारखे वाजणारे चार खर्जातले स्वरही त्याबरोबर द्रुत होत. हा वेग मुळात कोणी योजिलेला नव्हता; तो यंत्राच्या दुबळेपणाचा परिणाम होता. निशिकादोंनी तो दोष झाकला नाही. त्यात खेळाची रंगत ओळखून तो तसाच राखला. विजय जवळ येतो तोच संकट तीव्र होते, हा या खेळाचा प्राण त्यातूनच निर्माण झाला.

सर्व शत्रू संपले की नवी फौज हजर होते. अखेरचा विजय येथे कोणासच नाही. किती वेळ टिकलो व किती गुण मिळविले, एवढाच हिशेब. असे असूनही जपान व अमेरिका या दोन्ही देशांत लोकांनी त्यास डोक्यावर घेतले.

शोधांचे श्रेय आपण बहुधा पूर्वयोजनेस देतो. परंतु न योजिलेले जे हाती आले त्याचे मोल जाणणे, हीही प्रतिभाच नव्हे काय?