जुन्या खुराड्यात नव्या तलंगा

पिल्लेपण मागे पडले आहे, परंतु अंड्यावर आलेली नाही, अशा कोंबडीला मराठीत ‘तलंग’ म्हणतात. परसातील जुन्या कोंबड्यांत अशा चार-सहा तलंगा आणून सोडणे हे दिसते तितके सोपे काम नाही. पहिल्याच दिवशी चोचींचा मारा सुरू होतो, नव्या पाखरांना दाण्याजवळ फिरकू दिले जात नाही आणि कधी कधी पंधरवड्यात सारा कळपच आजारी पडतो. यांपैकी पहिल्या गोष्टीची लोकांना फार भीती वाटते. वास्तविक भ्यायला हवे ते शेवटच्या गोष्टीला.

हैदराबाद–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील मन्नाएखेळ्ळी आणि एकूणच बीदर–कलबुर्गीचा सीमाभाग हा ज्वारी-तुरीच्या काळ्या रानांचा प्रदेश. कन्नडमध्ये ‘जवारी कोळी’, मराठीत ‘गावरान’ आणि गोव्यात ‘गावठी’ म्हणून ओळखली जाणारी कोंबडी इथल्या परसांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिची काळजी बहुधा घरातील स्त्रिया घेतात, आणि अंड्यांचे किंवा नडीला विकलेल्या कोंबड्याचे पैसेही पुष्कळदा त्यांच्याच हाती राहतात. सात-आठ पाखरांचा कळप आठवड्याभरात मेला, तर त्या घराची ही हातखर्चीची मिळकत निदान वर्षभर बुडते.

पूर्वी बाहेरची कोंबडी आणण्याचा प्रसंग क्वचितच येई. गावरान कोंबडी खुडूक होऊन स्वतःच अंडी उबवी, पिल्ले वाढवी आणि कळप आतूनच नवा होत राही. हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेल्या ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ आणि बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची ‘गिरिराजा’ या जाती आल्यानंतर हे चक्र बदलले. या कोंबड्या गावरानपेक्षा कितीतरी अधिक अंडी देतात. ग्रामप्रियेकडून तर वर्षाला दीडशेहून अधिक अंड्यांची अपेक्षा असते. पण त्यांची खुडूक बसण्याची वृत्ती निवडीतून जवळपास नाहीशी झाली आहे. अंडी वाढली आणि आईपण गेले, असा हा सौदा आहे. त्यामुळे दर दीड-दोन वर्षांनी नवी पाखरे बाहेरून आणावीच लागतात. जुने गोवे येथील एला परिसरातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेमार्फतही परसासाठी सुधारित पिल्ले दिली जातात. तेव्हा हा प्रश्न गोमंतकीय घरांनाही परका नाही.

कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाला लहानपणापासून कोंबड्यांच्या निरीक्षणाचा नाद होता. त्याने १९२०च्या दशकाच्या आरंभी ही उतरंड शास्त्रीय पद्धतीने मांडली. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे, हे एकदा ठरले की भांडणे थांबतात. प्रत्येक कोंबडी इतरांना तुरा, डोके आणि मान यांवरून ओळखते. अनोळखी तलंग आली की तिची पायरी ठरेपर्यंत झटापट होणारच. ती क्रौर्याची खूण नव्हे. ओळख करून घेण्याची कोंबड्यांची तीच रीत आहे. झटापटीत हरलेल्या पाखराला पळायला जागा मिळाली, तर बहुधा पिसांपलीकडे काही जात नाही. जागा मिळाली नाही तर मात्र जीव जातो.

रोगाला अशी मर्यादा नसते. मोटारसायकलवर टोपल्या बांधून गावोगाव हिंडणाऱ्या विक्रेत्याकडची किंवा बाजारातील पाखरे अनेक ठिकाणची एकत्र आलेली असतात. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, अशाच वाटेने परसात शिरतो. लस न दिलेल्या कळपात तो आठवड्याभरात बहुतेक पाखरे संपवू शकतो. उलट दिशेनेही धोका असतो. जुन्या कोंबड्या रक्ती हगवणीचे किंवा श्वसनरोगाचे जंतू बाळगून वरवर धडधाकट दिसतात आणि त्यांच्या विष्ठेतून वा श्वासातून नव्या पाखरांना बाधा होते. कोकण-गोव्याच्या दमट पावसाळ्यात खुराड्यातील भुसा ओला राहिला की रक्ती हगवण विशेष फैलावते.

म्हणून आणलेल्या तलंगा किमान तीन आठवडे अगदी वेगळ्या ठेवाव्यात: परसाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या भांड्यांसह आणि शक्य तर वाऱ्याच्या खालच्या बाजूस. आधी जुन्या कोंबड्यांचे दाणापाणी करावे, मग नव्यांचे. नंतर हातपाय धुवावेत. शिंका, डोळ्यांतून पाणी, हिरवट पातळ विष्ठा किंवा मान वाकडी होणे यांपैकी काहीही दिसले तर मिसळण्याचा विचार सोडून पशुवैद्याला दाखवावे. मानमोडीची पहिली लस पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना आणि पुढची साधारण आठव्या आठवड्यात देतात. देवीच्या लसीचीही चौकशी करावी. विकणाऱ्याने ‘लस दिली आहे’ असे नुसते सांगितले, तर लस दिलेली नाही असेच समजून चालावे. जुन्या कळपाचेही लसीकरण याच काळात उरकावे. बीदर शहरातच राज्याच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे मुख्यालय असल्याने त्या भागातील पाळणाऱ्यांना सल्ल्यासाठी लांब जावे लागत नाही.

तीन आठवडे निर्वेध गेले की ‘दिसावे पण भिडू नये’ असा टप्पा येतो. जुन्या कोंबड्यांच्या वावरात तारेच्या जाळीचा एक कप्पा करून तलंगांना ७ ते १० दिवस त्यात ठेवावे. बांबूचे मोठे डालगेही चालते, परंतु वाढत्या पाखरांना ते दिवसभर अपुरे पडते. किनाऱ्यावर घरात असलेले मासेमारीचे जुने जाळे वापरण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण त्यात पाय अडकून पाखरे जायबंदी होतात.

जाळी काढताना तलंगा आकाराने जुन्या कोंबड्यांच्या जवळपास आलेल्या असाव्यात. सुधारित जातींत ही वेळ सहसा बाराव्या ते सोळाव्या आठवड्यांदरम्यान येते. एकटी तलंग कधीही सोडू नये. तीन-चार एकत्र असल्या की मार वाटला जातो. दाण्याची व पाण्याची भांडी एकमेकांपासून दूर, दोन-तीन ठिकाणी मांडावीत आणि वीट, फळी, तुरीच्या काड्यांचा भारा असा आडोसा करून ठेवावा. रात्री अंधारात नव्या पाखरांना जुन्यांशेजारी दांडीवर बसवले की सकाळी कोणाला काही कळत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. कोंबडीला अंधारात दिसत नाही हे खरे. पण उजाडताच तिला परकी पाखरे बरोबर ओळखू येतात. रात्रीच्या या युक्तीने पहिला गोंधळ थोडा सौम्य होतो, इतकेच. ती वापरायची असल्यास पहाटे खुराड्याचे दार उघडायला कोणीतरी हजर हवे, नाहीतर बंद खुराड्यात पळायला वाव नसतो.

खाद्याबाबत एक चूक सर्रास होते. अंड्यावरील कोंबडीच्या तयार खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. वाढत्या तलंगेला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही लागत नाही आणि अतिरिक्त कॅल्शियमने तिची मूत्रपिंडे खराब होतात. कळप एकत्र असेल तर सर्वांना वाढीच्या पाखरांचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरची कोंबडी तो गरजेनुसार खाते, तलंग सहसा वाटेला जात नाही. ज्वारी, कणी, तुरीची चुणी आणि परसातील किडे यांवर वाढणाऱ्या कळपातही शिंपल्यांचा चुरा असा वेगळाच ठेवावा.

पहिला आठवडा लक्ष ठेवण्याचा. पाठलाग, एखादी टोच, उपटलेले पीस यांत हस्तक्षेप करू नये; केल्यास पायरी ठरायला अधिकच वेळ लागतो. रक्त दिसले मात्र की ते पाखरू तत्काळ बाजूला काढावे, कारण लाल जखमेवर सारा कळप तुटून पडतो. जखमेला हळद लावून ती पूर्ण सुकल्यावरच पाखरू परत सोडावे. एकच कोंबडी सतत मारत असेल, तर तलंगेऐवजी तिलाच चार-पाच दिवस दूर ठेवावे. परतल्यावर ती स्वतःच काहीशी नवखी ठरते. संध्याकाळी तलंगांची अन्नपिशवी चाचपून पाहावी. ती रिकामी लागली, तर त्यांना दाण्यापर्यंत पोहोचू दिले जात नाही असे समजावे.

ज्यांच्याकडे अजून गावरान कोंबडी आहे, त्यांना या सर्व खटाटोपाला एक जुना पर्याय उपलब्ध आहे. कोंबडी खुडूक बसून तीनेक आठवडे झाले की सुधारित जातीची एक-दोन दिवसांची पिल्ले रात्री अंधारात तिच्या पंखाखाली सरकवावीत आणि खालची अंडी काढून घ्यावीत. पिल्ले याहून मोठी असली, तर कोंबडी ती स्वीकारीलच असे नाही. स्वीकारली, तर जुन्या कोंबड्यांपासून त्यांचे रक्षण तीच करते. दीड-दोन महिन्यांनी ती त्यांना दूर लोटते, तेव्हा ती कळपाच्या ओळखीची झालेली असतात. त्यांची पायरी सर्वांत खालची असते. ती वर सरकू लागते ती तुरे लाल होऊन अंड्यावर येण्याची वेळ झाल्यावरच.