अँटिकिथेराचे पाणबुडे

अँटिकिथेरा यंत्राचे नाव अनेकांनी ऐकले असेल. सूर्य-चंद्राची गती दाखवणारे, दातेरी चाकांचे, दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक यंत्र. त्याच्यावर भरपूर लिहिले जाते. ते समुद्रातून वर काढणाऱ्यांच्या वाट्याला मात्र एखाद-दुसरी ओळ येते, म्हणून मी त्यांच्याविषयी लिहितो आहे.

ही माणसे सिमी बेटावरची. १९०० साली सिमी उस्मानी सल्तनतीत होते. म्हणजे हे ग्रीक ख्रिस्ती लोक सुलतान अब्दुल हमीदची रयत. धंदा स्पंज काढण्याचा. त्यांचे वाडवडील हातात जड दगड धरून एका दमात तळ गाठत. १८६० च्या दशकात तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी पोशाख आला. होडीवर पंप मारायचा, दाबाखालची हवा नळीतून खाली जायची. दमाचे बंधन सुटले आणि माणसे लुळी पडू लागली.

पन्नास मीटरवर दाब जमिनीवरच्या सहापट असतो. तेवढ्या दाबाच्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. माणूस झटकन वर आला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखे अंगात बुडबुडे उठतात. सांधे ठणकतात, कणा निकामी होतो, जीवही जातो. शिवाय तेवढ्या खोलीवर हाच नायट्रोजन दारूसारखा चढतो.

तरी का जायचे? हौस म्हणून नव्हे. मोसमाआधी पाणबुड्याला उचल मिळे. ती घरात, देण्याघेण्यात संपे. मग ती फेडायला स्पंज काढावाच लागे, आणि जास्त स्पंज जास्त खोलीवर असे.

कप्तान दिमित्रिओस कोंडोस यांची होडी वादळामुळे अँटिकिथेराजवळ थांबली होती. इलियास स्तादियातिस खाली गेला आणि घाबरून वर आला. तळाशी माणसांची आणि घोड्यांची प्रेते पडली आहेत, म्हणाला. त्याला हवा चढली असावी असे सोबत्यांना वाटले, असे सांगतात. मग कोंडोस स्वतः उतरले आणि कांस्य पुतळ्याचा हात घेऊन आले. ती प्रेते म्हणजे पुतळे होते.

पुढे ग्रीक सरकारने याच माणसांना कामाला लावले, आरमाराची मदत दिली. तळाशी पाचेक मिनिटे, मग वर. १९०१ च्या उन्हाळ्यात काम थांबेपर्यंत एक पाणबुडा मेला होता, दोघे कायमचे पांगळे झाले होते. १९०२ मध्ये वर आलेल्या ढिगाऱ्यातल्या एका गोळ्यात दातेरी चाक दिसले.

मला जास्त खटकते ते वेगळेच. पॅरिसच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्येच लिहून ठेवले होते की हा रोग नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे, सावकाश वर या. बावीस वर्षांत ते ज्ञान स्पंजच्या होड्यांपर्यंत पोहोचले नाही. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके जॉन हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये छापली, तीही ब्रिटिश आरमाराच्या गरजेतून.

शेजारच्या कालिम्नोस बेटावर आजही एक नाच नाचतात. पुढचा नाचणारा काठी टेकतो, त्याचे पाय लटपटतात, बाकीचे हात धरून त्याच्या गतीने चालतात. त्या नाचाचे नाव ‘मिहानिकोस’, म्हणजे यंत्र घालून बुडी मारणारा.