रंगरूट ते शिपाई : बेळगावच्या छावणीतील सैनिकी शिक्षणाचा इतिहास

बेळगाव शहर आणि बेळगावची छावणी एकमेकांना लागून आहेत. पहाटेचा बिगूल शहरातही ऐकू येतो. केस बारीक कापलेल्या, ओळीने धावत जाणाऱ्या मुलांच्या तुकड्या शहरवासीयांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. सीमाभागात, कोल्हापूर-सातारकडे आणि कोकणात असे गाव विरळाच, जिथला कोणी ना कोणी या छावणीत शिकून पलटणीत गेलेला नाही. तरीही मुलगा भरती झाला की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की, तिथे आता त्याचे काय होणार? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर रंगरुटाची दिनचर्या सांगून भागत नाही. नवशिक्या शिपायाला किती शिकवायचे आणि मुळात कोणाला शिकवायचे, हे दोन प्रश्न गेल्या शतकात पुन:पुन्हा उभे राहिले. त्यांची उत्तरे ज्या ठिकाणी घडली, त्यांत बेळगावचे स्थान महत्त्वाचे आहे.

कवायतीची जुनी ओळख

कवायती फौज ही इंग्रजांनीच प्रथम मराठी मुलखात आणली, अशी एक समजूत आहे. ती पूर्णांशाने खरी नाही. १७६१ च्या पानिपतात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी मराठ्यांच्या बाजूने लढल्या होत्या. पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉइन या फ्रेंच भाषिक सरदाराकरवी पाश्चात्त्य पद्धतीचे कंपू उभे केले. एका हुकुमासरशी रांगेने वळणे, एकदम बंदुका झाडणे आणि माणूस पडला तरी रांग न मोडणे हे शिक्षण ग्वाल्हेरकडच्या शिपायांनाही मिळत होते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात मात्र ही परंपरा अखंड चालू राहिली. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे 'जंगी पलटण', १७६८ मध्ये मुंबईत उभी राहिली. त्यानंतरच्या वर्षी दुसरी उभी राहिली. तिला 'काली पाँचवी' हे नाव पडले. 'लाइट इन्फंट्री' हा किताब या पलटणींना पराक्रमाबद्दल पुढे मिळाला. हलके सामान, जलद चाल आणि शिपायाची स्वतःची हुशारी ही लाइट इन्फंट्रीची लक्षणे. संचलनात मराठा पलटणीची पावले इतरांहून झपाझप पडतात, त्याचे मूळ इथे आहे.

पलटणीच्या घरची शाळा

पहिल्या महायुद्धापूर्वी रंगरुटाला स्वतंत्र शाळा नव्हती. प्रत्येक पलटण आपले रंगरूट स्वतः जमवी आणि स्वतःच शिकवी. रजेवर गेलेला शिपाई परतताना गावातील भाऊबंद, मेहुणा किंवा शेजारचा पोरगा बरोबर घेऊन येई. त्याला शिकविणारा हवालदार बहुधा त्याच मुलखातला असे. शांततेच्या काळात ही घरगुती व्यवस्था चालून गेली.

१९१४ चे महायुद्ध सुरू झाल्यावर तिचा कमकुवतपणा उघड झाला. मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंड यांच्या फौजेबरोबर १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने हतबल झालेल्या त्या फौजेने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. पलटणच कैदेत गेल्यावर तिची शाळाही गेली. रिकाम्या जागी माणसे कुठून आणायची आणि त्यांना कोणी शिकवायचे, याचे उत्तर जुन्या व्यवस्थेजवळ नव्हते. राखीव दलातून बोलावलेल्यांपैकी अनेक जण वयाने वा प्रकृतीने लढाईस नालायक ठरले. वेगवेगळ्या पलटणींतील तुकडे जोडून वेळ निभावावी लागली.

हा धडा घेऊन १९२२ मध्ये सैन्याची पुनर्रचना झाली. समान परंपरेच्या पलटणी एकत्र गुंफून रेजिमेंटे बनविण्यात आली आणि प्रत्येक रेजिमेंटची एक पलटण केवळ शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आली. मराठा पलटणींचे मिळून '५ वे मराठा लाइट इन्फंट्री' झाले. ऑक्टोबर १९१८ मध्ये मेसोपोटेमियातील शरकत येथे नाव कमावलेली ११४ वी मराठा पलटण या रेजिमेंटची शिक्षण-पलटण ठरली व तिचे ठाणे बेळगाव झाले. अशा लढवय्या पलटणीच्या वाट्याला रंगरूट घडविण्याचे काम आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेव्हापासून मराठा शिपाई प्रथम बेळगावचा होतो आणि मग आपल्या पलटणीचा.

रंगरुटाचे दिवस

शिक्षणाचा काळ व शस्त्रे बदलली, तरी त्याचा क्रम फारसा बदललेला नाही. आल्याबरोबर केस कापले जातात, नंबर मिळतो, कपडे, बूट, ताटवाटी, बिछाना असे सारे सामान एकसारखे मिळते. गावाकडे जो पाटलाचा आणि जो मजुराचा, ते दोघे एकाच बराकीत शेजारी निजतात आणि एकाच लंगरात जेवतात. पहाटे उठणे, दाढी, बिछान्याची घडी, पी.टी., न्याहारी, कवायत, वर्ग, दुपारनंतर खेळ किंवा श्रमाचे काम, संध्याकाळी गिनती आणि रात्री दिवे मालवणे, अशी दिनचर्या घड्याळाबरहुकूम चालते. शिकविणाऱ्या हवालदार-नाइकांना 'उस्ताद' म्हणतात. उस्तादाचा शब्द अखेरचा असतो. चूक एकाची आणि शिक्षा साऱ्या तुकडीला, हा अनुभव प्रत्येक रंगरुटाला येतो. पाठीवर पिट्ठू घेऊन मैदानाला फेऱ्या मारताना त्या शिक्षेचा अर्थ त्याला कळत नाही. लढाईत एकाच्या निष्काळजीपणाची किंमत साऱ्यांना मोजावी लागते, हे पुढे कळते.

पहिले काही आठवडे सर्वांत कठीण. अंग ठणकते, बुटांनी पाय सोलतात, भूक भागत नाही आणि घरची आठवण येते. ज्याला घर सोडून कधी जावे लागले नाही, त्याला शरीराच्या कष्टापेक्षा हा एकटेपणा जड जातो. या काळात गावाकडून आलेले पत्र बराकीत चारचौघांत वाचले जाई. हळूहळू दम वाढतो, पावले जुळतात आणि शेजारच्या खाटेवरचा अनोळखी मुलगा भावासारखा होतो. मग बंदुकीची ओळख, ती खोलणे-जोडणे, चांदमारी, संगिनीचा सराव, हातगोळा, खंदक खोदणे, नकाशा वाचणे, रात्रीची चाल, दोरावर चढणे, नऊ फुटी खड्डा ओलांडणे आणि सामानासह पाच किलोमीटर धावणे, असे एकावर एक थर चढत जातात. १९६० च्या दशकापर्यंत रंगरुटाच्या हाती ‘थ्री नॉट थ्री’ असे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर स्वयंभरणाची रायफल आली आणि शतक संपता संपता भारतीय बनावटीची 'इन्सास' आली.

शेवटी कसम परेड होते. धर्मग्रंथ व राष्ट्रध्वज यांच्या साक्षीने शपथ घेतल्यावर रंगरूट शिपाई होतो. दीक्षान्त संचलनाला आलेल्या आईवडिलांना रांगेतला आपला मुलगा पटकन ओळखू येत नाही, असे पुष्कळदा घडते.

या शिक्षणाचे एक अंग वाचनालयाच्या वाचकांना जवळचे वाटावे. इंग्रजी अमदानीत रत्नागिरी-साताऱ्याकडून येणाऱ्या कित्येक रंगरुटांना अक्षरओळख नसे. त्यांची पहिली पाटी-पेन्सिल छावणीतच हाती आली. सैन्याची भाषा तेव्हा रोमन लिपीतील हिंदुस्थानी होती. त्यामुळे मातृभाषेच्या देवनागरीआधी 'ए, बी, सी' गिरविलेली मराठी माणसे त्या पिढीत होती. बढतीसाठी शिक्षणाची प्रमाणपत्रे आवश्यक असत. १९०९ मध्ये सुरू झालेले 'फौजी अखबार' पलटणीत वाचले जाई. १९५४ मध्ये त्याचे 'सैनिक समाचार' झाले. त्याची मराठी आवृत्तीही निघत आली आहे. निवृत्त होऊन गावी परतलेला सुभेदार पत्र वाचून दाखवणारा, अर्ज लिहून देणारा आणि मुलांना शाळेत धाडा म्हणून सांगणारा असे, त्याचे कारण हे शिक्षण होय.

अपुऱ्या शिक्षणाची किंमत

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य फुगत जाऊन सुमारे पंचवीस लाखांवर पोहोचले. इतक्या माणसांना शिकवायला वेळ कुठला? १९४२-४३ च्या आराकान मोहिमेत अर्धवट शिकलेले जवान ब्रह्मदेशच्या जंगलात जपान्यांसमोर उभे करण्यात आले. रानात चालावे कसे, रात्री थांबावे कसे, पाठीमागून शत्रू आला तर काय करावे, यातले त्यांना पुरेसे काही शिकविले गेले नव्हते. मोहीम फसली. तेव्हा जून १९४३ मध्ये पायदळाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमण्यात आली. रंगरुटाला केंद्रात नऊ महिने मूलभूत शिक्षण द्यावे आणि त्यानंतर दोन महिने जंगल-युद्धाचे शिक्षण देऊन मगच त्याला आघाडीवर पाठवावे, असे तिने सुचविले. आराकानात पोळून निघालेले १४ वे डिव्हिजनच या कामी शिक्षण-डिव्हिजन म्हणून नेमण्यात आले आणि त्याचे ठाणे नागपूरजवळच्या छिंदवाड्यास झाले.

या बदलाचे फळ पुढे दिसले. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सीमेवर सांगशाक येथे छत्री-सैनिकांच्या जोडीने ४ थ्या मराठा पलटणीने जपानी रेटा काही दिवस थोपवून धरला. त्या दिवसांत कोहिमा-इम्फाळच्या बचावाला तयारीची सवड मिळाली. इटलीत १० जुलै १९४४ रोजी कुलाबा जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील सारे जवान मशीनगनच्या माऱ्याने पडले. एकटे उरलेले घाडगे हातगोळा टाकून त्या ठाण्यावर धावून गेले. काडतुसे भरायला वेळ उरला नाही, तेव्हा बंदुकीचा दस्ता त्यांनी हत्यारासारखा वापरला. ठाणे घेतल्यावर शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले आणि मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. असे धैर्य शिकविता येत नाही हे खरे. पण भीतीच्या क्षणी हात काय करतील, हे चांदमारीच्या मैदानावर ठरलेले असते.

बंद झालेले दार

किती शिकवायचे याचे उत्तर लढायांनी दिले. कोणाला शिकवायचे याचे उत्तर देण्यास समाजाला अधिक वेळ लागला. मुंबई सैन्यात महार शिपायांची संख्या एके काळी मोठी होती. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील स्तंभावर त्यांची नावे आहेत. परंतु 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त इंग्रज सरकारने उचलला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. याची हानी केवळ नोकरीपुरती नव्हती. पलटणीच्या शाळेचे दारही त्यांना बंद झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे इंदूरजवळील महू येथील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्या घरात विद्या आली ती लष्कराच्या वाटेने. वाट बंद झाल्यावर निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी लावून धरली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी करण्यात आली. पण गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर होते व त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती बेळगावातच. पन्नास वर्षे ज्यांना सांगण्यात आले की तुम्ही लढवय्ये नाही, त्यांची मुले याच छावणीत त्याच कवायतीला उभी राहिली. पुढे हे रेजिमेंट संमिश्र घटकांचे झाले. १९८७ मध्ये श्रीलंकेत याच रेजिमेंटच्या ८ व्या पलटणीतील मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्राचा बहुमान मिळाला. बेळगावच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख व्हावा तितका होत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

स्वातंत्र्यानंतर

स्वातंत्र्यानंतर इंग्रजी हुकुमांची जागा 'सावधान', 'विश्राम', 'तेज चल' यांनी घेतली आणि रोमन लिपी मागे पडली. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या; छावणी मात्र जागच्या जागी राहिली. मराठी घरातला मुलगा आणि कानडी घरातला मुलगा इथे एका रांगेत उभे राहतात, एकच जयघोष करतात आणि एकमेकांची भाषा बराकीत शिकतात.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांच्या सेवेसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांपैकी एक चतुर्थांशापर्यंत जवानांनाच पुढे कायम सेवेत घेण्याची तरतूद तीत आहे. केंद्रातील शिक्षणाचा काळही पूर्वीपेक्षा कमी करून ३१ आठवड्यांचा करण्यात आला. या योजनेबद्दल मतभेद आहेत आणि तिचा न्याय काळच करील. परंतु कुत आणि आराकान या दोन नावांची आठवण या प्रसंगी ठेवणे अगत्याचे आहे. ज्या ज्या वेळी शिक्षणात काटकसर झाली, त्या त्या वेळी तिची भरपाई विशीतल्या मुलांनी आपल्या प्राणांनी केली.

भरती झालेल्या मुलाच्या आईवडिलांना म्हणून एवढे निश्चित सांगता येईल. त्याला कष्ट पडतील, रागावणी ऐकावी लागेल, काही रात्री डोळ्यांना पाणी येईल. त्यातला प्रत्येक तास कधीतरी कोणाचे तरी रक्त सांडल्यानंतर त्या वेळापत्रकात आलेला आहे. तो तास त्याला पुरेपूर मिळावा, एवढीच इच्छा त्यांनी करावी.