आणेवारी, ठाणे जिल्ह्यातील
आणेवारी : उभे पीक पूर्ण पिकाच्या किती अंशी येईल, याचा कापणीपूर्वी अजमास करण्याची महसुली पद्धती. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, हे तिचे परिमाण. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यानंतर ‘पैसेवारी’ हे नाव रूढ झाले.

इंग्रजी अमदानीत रयतवारीचा सारा रोख व तीस वर्षांसाठी ठरलेला असे. त्यामुळे पीक कमीअधिक आल्याने साऱ्यात फरक पडत नसे. मात्र साऱ्याची तहकुबी किंवा सूट द्यावयाची, तर पीक किती बुडाले हे ठरविणे भाग होते. सरकारचे येणे ज्यावर अवलंबून, तो अंदाज सरकारी नोकरांनीच करावयाचा, हा या पद्धतीतील मूळ दोष होय.

भाताच्या बाबतीत नजरेचा अंदाज विशेष फसवा ठरतो. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड या भागांत हळवे भात आधी तयार होते. सखल खाचरांतील गरवे भात मागाहून पिकते. हस्ताचा पाऊस हुकला, तर गरव्याच्या लोंब्या हिरव्यागार दिसूनही दाणे पोचट राहतात. बांधावरून पाहणाऱ्यास हे सहसा कळत नाही. १८९६ मध्ये पावसाळा अकाली संपला. तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत प्रतिनिधी पाठवून दुष्काळी नियमांखालील हक्क शेतकऱ्यांना समजावून दिले. सरकारने ही चळवळ साराबंदीची मानली आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. खेडा जिल्ह्यातील १९१८ च्या सत्याग्रहातही वादाचा मुद्दा पीक चार आण्यांहून कमी की अधिक, हाच होता.

नजरेऐवजी प्रत्यक्ष कापणी करून अंदाज बांधण्याचे शास्त्र पुढे विकसित झाले. जे. ए. हबॅक यांनी बिहार-ओरिसात १९२३–२५ या काळात भातावर यादृच्छिक नमुना-कापणी केली. प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा भर लहान तुकड्यांवर होता. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे व त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी मात्र मोठ्या तुकड्यांचा पुरस्कार केला. तुकडा लहान असल्यास कडेवरची रोपे आत धरली जाण्याचा संभव वाढतो व उत्पन्न फुगते, हा त्यांचा आक्षेप प्रस्तुत लेखकास निर्णायक वाटतो.

महाराष्ट्रात नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा तीन टप्प्यांनी पैसेवारी काढतात. पन्नास पैशांखालील गाव टंचाईग्रस्त समजण्याचा प्रघात पडला. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ-संहितेने पर्जन्य, मृदा-ओलावा व दूरसंवेदन यांना प्राधान्य दिल्यामुळे तिचे महत्त्व उतरले. कल्याण-डोंबिवलीत १९८३ मध्ये महानगरपालिका झाली; तेथील अनेक खाचरांवर आता वसाहती उभ्या आहेत. मुरबाड व शहापूर तालुक्यांत भातशेती अद्याप टिकून आहे. तेथे गरवे भात पिवळे पडू लागले की शेतकरी चार लोंब्या हातावर चोळतो आणि भरलेले व पोचट दाणे वेगळे करून पाहतो.