डोकेदुखीचा माग

चेन्नईच्या टी. नगरमधल्या माझ्या मामांचं हृदय थकलंय, त्यात मूत्रपिंडंही नाजूक. त्यामुळे एनालाप्रिल हे औषध झेपेना, म्हणून डॉक्टरांनी हायड्रॅलाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट सुरू केलं, दिवसातून तीनदा. ‘धाप कमी झाली रे, पण डोकं ठणकतं,’ मामा फोनवर म्हणाले.

या ठणक्याची जुनी नोंद इटलीतल्या तुरिनची आहे. १८४७ साली आस्कानिओ सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन तयार केलं, चाखून पाहिलं आणि त्यांचं डोकं भयंकर दुखलं. रक्तवाहिन्या सैलावल्या की असं होतं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी तेच छातीतल्या कळेवर दिलं. आपल्याकडे जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट, म्हणजे मामांचं आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटच, याच कुळातली.

हायड्रॅलाझिन आलं १९५०च्या दशकात, रक्तदाबासाठी. एकटं दिलं तर छाती धडधडायची. तिला आवर घालायला सोबतीला रेसरपिन आलं, सर्पगंधेच्या मुळीतलं. त्या मुळीकडे जगातल्या डॉक्टरांचं लक्ष वेधलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ सालच्या निबंधाने. रेसरपिन आणि डायहायड्रॅलाझिनची ‘अडेल्फेन’ पुढे आपल्याकडे घरोघरी पोचली.

थकलेल्या हृदयाला मात्र तोवर डिजिटॅलिस देऊन जोर लावायला लावत. त्याऐवजी रक्ताची पुढची वाटच सैल केली तर? अमेरिकेत जे कोन आणि सहकाऱ्यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ६४२ पुरुषांवर हे पडताळलं. १९८६ साली निकाल आला: औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत ३४.३ टक्के दगावले, हायड्रॅलाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटच्या जोडगोळीवरचे २५.६ टक्के. तिसऱ्या गटाला प्राझोसिन दिलं होतं. तेही वाहिन्या सैलावतं, रक्तदाब तर त्याने जास्तच उतरला, पण जीव वाचले नाहीत. या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. नुसता दाब उतरवून भागत नाही, हे प्रयोग केला नसता तर कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

१९९१ मध्ये एनालाप्रिल सरस ठरलं आणि जोडगोळी मागे पडली. २००४ साली कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चाचणीत, इतर उपचारांच्या जोडीला दिल्यावर, तिने मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी घटवला. या सगळ्या चाचण्या अमेरिकेतल्या. चेन्नईत मामांना किती मानवेल, हे डॉक्टर मामांवरच पाहतात: थोड्या मात्रेने सुरुवात, मग रक्तदाब आणि डोकेदुखी बघत हळूहळू वाढ.