मुंबईतील एक चपराक

1896 च्या जानेवारीत मार्क ट्वेन हा विख्यात अमेरिकन ग्रंथकार मुंबई बंदरात उतरला. कर्ज फेडण्यासाठी देशोदेशी व्याख्याने देत तो निघाला होता. हॉटेलात त्याची खोली लावून देण्यास एक धिप्पाड जर्मन गृहस्थ एतद्देशीय नोकरांसह वर आला. एक नोकर गुडघे टेकून दाराचे काम करू लागला. परंतु ते त्या गृहस्थाच्या मनास येईना. चूक कोणती हे सांगण्यापूर्वीच त्याने नोकरास एक चपराक लगावली. नोकराने ती निमूटपणे सोसली.

ती पाहताच ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचे आपले बालपण आठवले. ज्या मिसूरी प्रांतात तो लहानाचा मोठा झाला, तेथे गुलामगिरी चालू होती, आणि गुलामास आपली इच्छा कळविण्याची रीत हीच होती. त्या वयात ती त्यास स्वाभाविक वाटे; तथापि मार खाणाराची कीव आणि मारणाराची लाजही वाटे. हे सारे त्याने 1897 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात नमूद केले आहे.

अमेरिकेतील गुलामगिरी 1865 साली कायद्याने नष्ट झाली होती. त्या कार्याबद्दलच्या आदराने जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ तेथील सज्जनांस अर्पण केला. परंतु कायद्याने तुटलेली बेडी व्यवहारात पुरती गळून पडली नव्हती. ट्वेन मुंबईस आला त्याच वर्षी, मे महिन्यात, आगगाडीत कृष्णवर्णीयांसाठी निराळे डबे ठेवण्याच्या कायद्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. घरात वर्णभेदास असे न्यायासन मिळाल्यावर दोनच वर्षांनी तो देश साम्राज्य मिळविण्यास बाहेर पडला.

1898 साली क्यूबाच्या मुक्ततेसाठी म्हणून स्पेनशी युद्ध झाले. त्याच वर्षी हवाई बेटे अमेरिकेने आपल्या राज्यास जोडून घेतली, आणि डिसेंबरातील पॅरिसच्या तहाने प्वेर्तो रिको, ग्वाम व फिलिपाइन्स तिच्या हाती आले. फिलिपाइन्सपोटी स्पेनला 2 कोटी डॉलर मिळाले. आगिनाल्डो या तेथील पुढाऱ्याने 12 जून रोजीच स्वातंत्र्य पुकारले होते; पण तहाच्या वेळी त्या लोकांस कोणी विचारले नाही. 4 फेब्रुवारी 1899 रोजी मनिलाजवळ गोळीबार सुरू झाला, आणि दोन दिवसांनी अमेरिकेच्या सेनेटने 57 विरुद्ध 27 मतांनी तह मंजूर केला.

याच महिन्यात अमेरिकेस हा भार उचलण्याचा उपदेश करणारी किपलिंगची कविता प्रसिद्ध झाली. हा कवी 1865 साली मुंबईतच जन्मलेला. मागासलेल्या जातींस सुधारणे हे गोऱ्या माणसाचे ओझे होय, असा तिचा आशय. विरोधकांतही अनेकांचा आक्षेप एवढाच होता की, सावळे लोक आपल्या राज्यात नकोत. म्हणजे वंशश्रेष्ठतेचे शस्त्र दोन्ही पक्षांच्या हाती होते. 1901 साली सर्वोच्च न्यायालयाने प्वेर्तो रिकोसंबंधी निकाल दिला, त्याचा सारांश असा की, ते बेट अमेरिकेच्या मालकीचे आहे, परंतु अमेरिकेचा घटक नव्हे.

ट्वेनही प्रथम या युद्धाच्या बाजूचा होता. आपला देश परतंत्रांस सोडविण्यास गेला, असे त्यास वाटले. तहाची कलमे वाचल्यावर त्याचा भ्रम फिटला. 1900 च्या ऑक्टोबरात स्वदेशी परतताच त्याने उघड विरोध केला आणि 1910 साली मरण येईपर्यंत तो साम्राज्यविरोधी संघाचा एक उपाध्यक्ष राहिला. स्वतःचे मत चुकले हे चारचौघांत कबूल करण्यास जे धैर्य लागते, ते त्याने दाखविले.

4 जुलै 1902 रोजी युद्ध संपल्याचे जाहीर झाले. तोवर चार हजारांहून अधिक अमेरिकन आणि सुमारे वीस हजार फिलिपिनो सैनिक पडले होते. दुष्काळ, रोगराई व हिंसाचार यांत मेलेल्या प्रजेचा अंदाज दोन लाखांपर्यंत जातो. ओझे कोणी वाहिले, हे या आकड्यांवरून दिसते.

फिलिपाइन्स 4 जुलै 1946 रोजी स्वतंत्र झाले. त्यापूर्वी दोनच दिवस अमेरिकेत एक कायदा झाला. त्याने भारतीयांस व फिलिपिनोंस तेथील नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला, आणि दोन्ही देशांतून दरवर्षी शंभर शंभर माणसांस प्रवेश मिळू लागला. मुंबईत चपराक खाणारा आणि मनिलाजवळ गोळी खाणारा, हे दोघे एकाच रांगेतले होते. या कायद्याने त्यांस दार किलकिले करून दिले, तेही एकदमच.